पाझर आणि गळती

माठ पाझरतो म्हणून त्याला कोणी नावे ठेवीत नाही. पण तोच गळू लागला की त्याची रवानगी परसात होते. पाझरणे आणि गळणे या दोन क्रियापदांतला फरक आपल्या भाषेने जपला आहे आणि खानापूरच्या कुंभाराला, मग तो घरी मराठी बोलत असो वा कन्नड, तो कोणी शिकवावा लागत नाही. मातीत बारीक भुसा मिसळला तर भट्टीत तो जळून जातो व त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाणी झिरपते, बाहेरच्या अंगावर त्याची वाफ होते आणि आतले पाणी थंड राहते. येथे छिद्र हा दोष नसून गुण आहे. भेग मात्र दोषच. भेग पडलेले मडके ‘सच्छिद्र’ म्हणून विकण्याचे धाडस कोणताही कुंभार करणार नाही.

विज्ञानाच्या प्रयोगशाळांत मात्र हे धाडस सर्रास होते, असे माझे मत आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत आणि पुढे संशोधनपत्रांतही सच्छिद्र फेरोइलेक्ट्रिक ऑक्साइडांचे पातळ थर हा विषय आता वरचेवर दिसतो. विषय चांगला आहे, उपयोगाचा आहे आणि लहान महाविद्यालयाच्या आवाक्यातला आहे. पण त्यात पाझर कोणता आणि गळती कोणती, हे पाहण्याची सवय मात्र लागलेली नाही. थर बनविण्यावर चार महिने खर्च होतात, तपासण्यावर चार दिवस. हे प्रमाण बदलले पाहिजे, इतकेच या लेखाचे म्हणणे आहे. हे मी कोणत्याही एका संस्थेला उद्देशून लिहीत नाही. दोष पद्धतीचा आहे.

ज्यांचा विषय पदार्थविज्ञान नाही अशा वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे जरूर आहे. फेरोइलेक्ट्रिक या शब्दात ‘फेरो’ असले तरी या पदार्थांत लोखंड असलेच पाहिजे असे नाही. लोहचुंबकाशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. चुंबकाची दिशा जशी बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राने उलटवता येते व क्षेत्र काढून घेतल्यावरही ती टिकते, तसेच या पदार्थांतील विद्युत् ध्रुवणाचे असते. १९२० साली अमेरिकेत जोसेफ व्हॅलसेक यांनी हा गुण रोशेल सॉल्ट नावाच्या क्षारात प्रथम दाखविला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेट या ऑक्साइडात तो सापडला, आणि १९५० नंतरच्या दशकात शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांचे मिश्र ऑक्साइड, म्हणजे ज्याला आपण ‘पीझेडटी’ म्हणतो, ते पुढे आले. यांना दाबले की विद्युत्‌भार निर्माण होतो, तापविले की निर्माण होतो, आणि विद्युत्‌दाब दिला की ते किंचित लांब-आखूड होतात. जवळून माणूस गेला की आपोआप लागणारा जिन्यातील दिवा, गॅसच्या शेगडीचा ठिणगी पाडणारा लायटर, दवाखान्यातील सोनोग्राफीचे उपकरण, या सर्वांच्या पोटात याच कुळातील एखादा पदार्थ बसलेला असतो.

मग या पदार्थात छिद्रे कशासाठी? जुन्या पुस्तकांत तर उलट शिकवण होती. मातीकाम असो वा सिरॅमिक, जितके घट्ट तितके चांगले. छिद्र म्हणजे अर्धवट भाजणी. ही शिकवण चुकीची नव्हती, परंतु ती सर्वत्र लागू पडत नाही. उष्णतेचा वेध घेणारा संवेदक घ्या. त्याच्यावर माणसाच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण पडले की थर किंचित तापतो आणि त्याच्या दोन्ही पृष्ठभागांवर भार जमा होतो. हा भार आपल्याला व्होल्टच्या रूपाने वाचायचा असतो, आणि भार तेवढाच असताना धारित्राची क्षमता जितकी कमी तितके व्होल्ट अधिक. आता थरात हवा मिसळली तर भार निर्माण करणारा पदार्थ थोडा घटतो हे खरे. पण डायइलेक्ट्रिक स्थिरांक त्याहून वेगाने घटतो, कारण पदार्थाचा स्थिरांक हजाराच्या घरात आणि हवेचा केवळ १. समजा, छिद्रांमुळे भार २० टक्क्यांनी कमी झाला पण स्थिरांक निम्म्यावर आला, तर व्होल्ट दीडपटीहून अधिक मिळतील. शिवाय थराचे वजन कमी झाल्याने तो तेवढ्याच किरणांनी अधिक तापतो. म्हणजे लाभ दुहेरी झाला.

पाण्याखालचा आवाज ऐकणाऱ्या हायड्रोफोनचीही गोष्ट अशीच आहे. पाण्यात दाब सर्व बाजूंनी सारखा येतो. घट्ट पीझेडटीत उभ्या दाबाने निर्माण होणारा भार आणि आडव्या दाबाने निर्माण होणारा भार हे एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात आणि हाती फारसे काही उरत नाही. पदार्थ सच्छिद्र केला की आडवा परिणाम अधिक घटतो, उभा कमी घटतो, आणि ऐकू येऊ लागते. हे काम पातळ थरापेक्षा जाड तुकड्यांत अधिक झाले आहे. आपल्या नौदलाच्या सोनार यंत्रणा कोचीच्या ज्या प्रयोगशाळेत घडल्या, तेथील अभियंत्यांना या हिशेबाचे मोल सांगण्याची गरज नाही. सांगायचे ते एवढेच, की छिद्र ही केवळ अभ्यासकांची हौस नव्हे.

आता बनविण्याकडे वळू. लहान प्रयोगशाळेला परवडणारी रीत म्हणजे सोल-जेल. धातूंची सेंद्रिय संयुगे द्रावकात विरघळवायची, ते द्रावण प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर थेंबाथेंबाने टाकायचे आणि तुकडा मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्यांच्या वेगाने गरगर फिरवायचा. द्रावण पसरून त्याचा पापुद्रा होतो. तो ३०० ते ४०० अंश सेल्सियसला भाजून सेंद्रिय भाग जाळायचा, आणि शेवटी ६५० ते ७५० अंशांच्या दरम्यान तापवून स्फटिक घडवायचे. एका वेळी साधारण एकदशांश मायक्रॉनचा पापुद्रा बसतो. म्हणून एक मायक्रॉनसाठी हा खटाटोप आठ-दहा वेळा करावा लागतो. एकदम जाड थर दिला तर तो वाळताना आकसतो आणि उन्हाळ्यातील तळ्याच्या गाळासारखा तडकतो.

छिद्रे हवी असतील तर द्रावणात पॉलिव्हिनिल पायरोलिडोनसारखे एखादे पॉलिमर मिसळतात. ते भट्टीत जळून जाते आणि त्याची जागा रिकामी राहते. कुंभाराच्या भुशाचेच हे काम. पण येथे एक पेच आहे. भट्टी कमी तापविली तर स्फटिक घडत नाहीत आणि स्फटिक नाहीत म्हणजे फेरोइलेक्ट्रिक गुण नाही. भट्टी जास्त तापविली तर कण एकमेकांना चिकटून छिद्रे बुजतात. तापमान झपाट्याने वाढविले तर आतला वायू बाहेर पडण्यासाठी वाट फोडतो आणि थर तुकड्यातुकड्यांनी सुटतो. या तिन्ही संकटांमधून वाट काढलेल्या थराला सच्छिद्र म्हणावे. नुसता तडकलेला, सुटलेला, अर्धवट भाजलेला थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘यात छिद्रे दिसतात’ असे लिहिणे म्हणजे भेगेला पाझर म्हणणे होय.

छिद्रांचा आकार व दिशा यांचाही हिशेब हवा, नुसते टक्के सांगून भागत नाही. एक साधे गणित पाहा. एक मायक्रॉन जाडीचा, म्हणजे १००० नॅनोमीटरचा थर आहे आणि त्याचा स्थिरांक १००० आहे. या थरात विद्युत्‌क्षेत्राला आडवी अशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली, फक्त १ नॅनोमीटर जाडीची हवेची फट असली, तर आपण दिलेल्या व्होल्टपैकी निम्मे त्या फटीतच खर्ची पडतात. जाडीच्या हजाराव्या हिश्शाची हवा अर्धा दाब गिळते! उलट तेवढीच हवा उभ्या नळ्यांच्या रूपाने असेल तर पदार्थाला पूर्ण दाब मिळतो आणि नुकसान नाममात्र होते. संमिश्र पदार्थातील कोणता घटक कोणत्या दिशांनी सलग आहे, हे सांगण्याची पद्धत अमेरिकेतील न्यूनहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडली ती यासाठीच. ‘सच्छिद्रता २५ टक्के’ एवढेच लिहिणारा अहवाल म्हणूनच अर्धा अहवाल आहे. आणि तो टक्काही पुष्कळदा मोजलेला नसतो. छायाचित्राकडे पाहून अंदाजलेला असतो.

खरा घोटाळा पुढे, तपासणीत होतो. फेरोइलेक्ट्रिक पदार्थाची ओळख म्हणजे हिस्टेरिसिसचे वेटोळे. दाब वाढवत नेला, कमी केला, उलटा केला, की ध्रुवण मागे रेंगाळत येते आणि आलेखावर एक बंद वेटोळे उमटते. ते पाहण्यासाठी सॉयर आणि टॉवर यांनी १९३० साली दिलेले मंडल आजही पुरेसे आहे: नमुन्याच्या जोडीला एक मोठे, माहितीचे धारित्र जोडायचे, त्यावरील व्होल्ट ऑसिलोस्कोपच्या उभ्या अक्षावर घ्यायचे आणि दिलेला दाब आडव्या अक्षावर. वेटोळे दिसले की विद्यार्थी हरखतो, मार्गदर्शक मान डोलावतात आणि छायाचित्र प्रबंधात जाते.

पण हे मंडल ध्रुवण मोजीत नाही. ते भार मोजते. नमुन्यातून जो काही भार वाहिला तो सगळा त्याच्या खाती जमा होतो, मग तो ध्रुवण उलटल्यामुळे आलेला असो वा थरातून गळून आलेला असो. आकडे घालून पाहू. वरच्या इलेक्ट्रोडचा ठिपका ०.२ मिलिमीटर व्यासाचा असला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०००३ चौरस सेंटिमीटर होते. चांगल्या पीझेडटी थराचे ध्रुवण चौरस सेंटिमीटरला २० मायक्रोकूलॉम धरले, तर ते पूर्ण उलटताना सुमारे १२ नॅनोकूलॉम भार वाहील. आता याच ठिपक्यातून फक्त १ मायक्रोअँपियर प्रवाह गळतो आहे असे समजा. आपण ५० हर्ट्झवर मोजत असू तर अर्ध्या आवर्तनाला १० मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात १० नॅनोकूलॉम गळून जातात. म्हणजे ज्या थरात फेरोइलेक्ट्रिक गुणाचा लवलेश नाही, तो केवळ गळतीच्या जोरावर उत्तम पीझेडटीच्या पंगतीला येऊन बसतो. घट्ट थरात गळती सहसा कमी असते. सच्छिद्र थरात वरून बसवलेले सोने छिद्रांतून खाली उतरते, छिद्रांच्या भिंतींवर ओलावा धरतो आणि गळतीला हव्या तितक्या वाटा मिळतात. म्हणूनच ज्या पदार्थाला ही तपासणी सर्वांत काटेकोरपणे हवी, त्यालाच ती सर्वांत ढिली मिळावी याचे वाईट वाटते.

केंब्रिजचे जेम्स स्कॉट हे या क्षेत्रातील ज्येष्ठ नाव होते. त्यांनी २००८ साली एका प्रतिष्ठित नियतकालिकात केळ्याच्या सालीचे वेटोळे छापले. सालीला चांदीच्या लेपाचे इलेक्ट्रोड लावले, तिचे मापन केले आणि जे बंद वेटोळे आले ते अनेक संशोधनपत्रांत फेरोइलेक्ट्रिकचा पुरावा म्हणून छापल्या जाणाऱ्या वेटोळ्यांसारखेच होते. केळे अर्थातच फेरोइलेक्ट्रिक नाही. वाचणारे हसले, पण त्यातला टोला खोल होता. टोके गोलाकार झालेले, दाब वाढवू तसे फुगत जाणारे, कोठेही न स्थिरावणारे वेटोळे हा गळक्या डायइलेक्ट्रिकचा चेहरा आहे. त्यावरून ध्रुवणाचा आकडा काढणे ही फसवणूक आहे, मग ती अजाणता का होईना. इतक्या वर्षांनंतरही असे चेहरे छापून येतच आहेत. जागतिक नियतकालिकांची ही स्थिती, तर महाविद्यालयीन प्रकल्पांकडून वेगळी अपेक्षा का करावी, असे कोणी म्हणेल. मला नेमके उलट वाटते. सवय लागते ती येथेच, विशी-बाविशीत. पुढे लागत नाही.

गळती वेगळी कशी काढावी, याच्या रीती गुंतागुंतीच्या नाहीत. पहिली रीत वारंवारता बदलण्याची. ५० हर्ट्झऐवजी १००० हर्ट्झवर मोजले तर अर्धे आवर्तन अर्ध्या मिलिसेकंदात संपते आणि वरच्या उदाहरणातील गळती १० नॅनोकूलॉमवरून अर्ध्या नॅनोकूलॉमवर येते. खरे ध्रुवण मात्र थोड्याफार फरकाने तेवढेच राहते. वेटोळे वारंवारतेबरोबर आकसत गेले तर समजावे की आपण गळती मोजत होतो. दुसरी रीत जोडस्पंदांची. एकाच दिशेचे दोन स्पंद लागोपाठ द्यायचे. पहिल्या स्पंदात ध्रुवण उलटते आणि गळतीही होते. दुसऱ्यात उलटायला काही शिल्लक नसते, केवळ गळती व साध्या धारित्राचा भार राहतो. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरते ते ध्रुवण. तिसरी रीत तापविण्याची. बेरियम टायटनेटचा फेरोइलेक्ट्रिक गुण सुमारे १२० अंशांपुढे नाहीसा होतो व त्या सुमारास डायइलेक्ट्रिक स्थिरांकाला शिखर येते. सूक्ष्म कणांच्या थरात हे शिखर पसरट होते. तरी ते शोधलेच पाहिजे. १५० अंशांवरही ‘फेरोइलेक्ट्रिक’ वेटोळे ऐटीत उभे असेल तर ते केळ्याचे समजावे.

आपल्या भागासाठी चौथी रीत मी आग्रहाने सांगेन, ती म्हणजे सुकविण्याची. बेळगावचा पावसाळा आपल्या अंगवळणी पडलेला आहे. जून ते सप्टेंबर पापड सादळतात, वह्यांची पाने ओलसर लागतात. सच्छिद्र थर हा पापडापेक्षा वेगळा नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास आहे आणि त्यात अशुद्धता असेल तर ते वीजही वाहते. हवेने भरलेले छिद्र आणि ओलाव्याने भरलेले छिद्र या विद्युत्‌दृष्ट्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जुलैत मोजलेला थर आणि फेब्रुवारीत मोजलेला तोच थर यांचे आकडे जुळले नाहीत तर आश्चर्य वाटू नये. थर दीडशे अंशांना तापवून, कोरड्या हवेत थंड करून मग मोजावा आणि त्या दिवसाची आर्द्रता अहवालात लिहावी. बनविण्यातही हीच दक्षता हवी, कारण टायटॅनियमची सेंद्रिय संयुगे दमट हवा लागताच पांढुरकी होऊन बिघडतात. आर्द्रतामापकाला प्रयोगशाळेत कोपऱ्यातले स्थान न देता नोंदवहीच्या पहिल्या ओळीतले स्थान द्यावे.

“हे सर्व ठीक आहे; पण आमच्याकडे उपकरणे कोठे आहेत?” हा प्रश्न मी ऐकला आहे आणि तो खोटा नाही. तथापि, वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक गोष्टींना लागते काय? एक स्पंद-जनक, एक ऑसिलोस्कोप, एक लहान भट्टी आणि एक चांगला तराजू. तराजूचेच पाहा. बेरियम टायटनेटची घनता सुमारे ६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. दोन सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी तुकड्यावर एक मायक्रॉनचा घट्ट थर बसला तर त्याचे वजन २.४ मिलिग्रॅम भरते. त्यात २५ टक्के छिद्रे असतील तर १.८ मिलिग्रॅम. शतांश मिलिग्रॅम दाखविणारा तराजू हा फरक सहज दाखवील. जाडी मात्र नीट मोजली पाहिजे आणि कोरा तुकडा आधी भट्टीत तापवून मग तोलला पाहिजे. म्हणजे सच्छिद्रतेचा टक्का अंदाजाने न सांगता तोलून सांगता येतो. जे येथे होत नाही त्यासाठी बाहेर जाता येते. इंदूरचे यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम विद्यापीठांतील संशोधकांना मोठी उपकरणे वापरता यावीत याच हेतूने उभे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व मुंबईच्या आय.आय.टी.त २००८ साली सुरू झालेल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या योजनेतून बाहेरच्या महाविद्यालयांतील संशोधकांनाही तेथील यंत्रांवर काम करता आले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक रीतीने पातळ थर बनविण्याची परंपरा जुनी आहे, आणि ती साध्या साधनांवरच वाढली. अडचण उपकरणांची थोडी आणि धीराची अधिक आहे.

धीर का नसतो, याचेही उत्तर द्यायला हवे. नाहीतर सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी येईल आणि तो अन्याय होईल. प्रकल्पाला एक सत्र मिळते. त्यात सुट्ट्या, परीक्षा आणि वीज जाण्याचे दिवस. गुण मिळतात ते वेटोळ्याला. वीस ठिपके बसविले, त्यांपैकी चौदांत सोने खालपर्यंत उतरून शॉर्ट झाले, पाचांत गळती झाली आणि एकात सुबक वेटोळे आले, तर अहवालात एकच ठिपका येतो. विद्यार्थी खोटे लिहीत नाही. त्याने ते वेटोळे खरोखरच पाहिलेले असते. परंतु उरलेल्या एकोणीस ठिपक्यांबद्दल त्याला कोणी विचारीत नाही, म्हणून तोही सांगत नाही. अशा रीतीने न विचारणे आणि न सांगणे या दोहोंच्या संगनमताने एक असत्य तयार होते, ज्याचा कर्ता कोणीच नसतो. पुढल्या वर्षीचा विद्यार्थी तोच अहवाल वाचून तोच थर बनवू पाहतो, त्याला तो साधत नाही आणि तो स्वतःला दोष देतो. कोणाचे तरी एक वर्ष वाया जाते. माझ्या मते या प्रश्नातील खरे नुकसान हेच आहे. वाया गेलेल्या रसायनांचे नव्हे.

यावर आणखी एक आक्षेप येतो, तो असा की एवढ्या कसोट्या लावल्या तर कोणाचाच प्रकल्प पुरा होणार नाही. मला वाटते, त्यासाठी प्रकल्प लहान करावा. पाच रचना आणि चार तापमाने असे वीस थर बनवून एकही न तपासण्यापेक्षा दोनच थर बनवावेत: एक पॉलिमर घालून, दुसरा पॉलिमर न घालता, एकाच दिवशी, एकाच द्रावणातून, एकाच भट्टीत. ही दोन सख्खी भावंडे शेजारी ठेवून तोलली, मोजली, की जो फरक दिसेल तो छिद्रांचा, हे छातीठोकपणे सांगता येते. जोडीदाराविना एकटा सच्छिद्र थर काहीच सिद्ध करीत नाही. आणि विद्यार्थ्यांनी शिशाऐवजी बेरियम टायटनेट घ्यावे, असेही सुचवितो. भट्टीत शिशाचे ऑक्साइड उडून हवेत मिसळते आणि पीझेडटीच्या सोल-जेलमध्ये पुष्कळदा वापरले जाणारे मेथॉक्सिइथेनॉल हे द्रावक प्रजननाच्या आरोग्याला अपायकारक आहे. ज्या प्रयोगशाळेत धुराडे नीट चालत नाही तेथे विशीतल्या मुलामुलींनी त्याची वाफ घेत बसावे, इतके मोल कोणत्याही वेटोळ्याला नाही.

शेवटी माझी सूचना अगदी साधी आहे आणि तिला ठरावाची वा अनुदानाची गरज नाही. सच्छिद्र थरांवरील प्रत्येक प्रकल्प-अहवालात वेटोळ्याच्या छायाचित्राआधी एक पान असावे. त्याला ‘गळतीचे पान’ म्हणावे. त्यावर एवढेच असावे: किती ठिपके बसविले, किती शॉर्ट झाले, किती गळले, प्रत्येक दाबाला किती प्रवाह वाहिला, दोन वारंवारतांना वेटोळे कसे दिसले, थराचे वजन, जाडी आणि त्यावरून काढलेली सच्छिद्रता, मापनाच्या दिवसाची आर्द्रता. आणि परीक्षकांनी या पानाला गुण द्यावेत, वेटोळ्याला देतात त्याहून अधिक द्यावेत. हे पान भरलेले असेल आणि त्याचा निष्कर्ष ‘थर फेरोइलेक्ट्रिक ठरला नाही’ असा असेल, तर तो प्रकल्प यशस्वी समजावा. कारण पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्यातून एक बंद रस्ता कळला. कामाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने केळ्याच्या सालीचे वेटोळे स्वतः काढून पाहावे आणि त्याचा आलेख टेबलासमोर चिकटवून ठेवावा. खर्च फारसा येणार नाही. ज्याने ते वेटोळे स्वतःच्या हाताने काढले आहे, तो पुढे कोणत्याही वेटोळ्याला चटकन नमस्कार करणार नाही.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी जे या वर्षी प्रकल्प हाती घेणार आहेत त्यांनी आपल्या मार्गदर्शकांकडे हे पान स्वतःहून मागावे. मार्गदर्शकांनी नको म्हटले तरी ते आपल्या नोंदवहीत ठेवावे. आपण बनविलेला थर कोठे गळतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो पाझरतो असे म्हणण्याचा अधिकार आहे.